दुसऱ्या हाकेचा माणूस

जनूदादाबद्दल लिहायचं तर आम्हाला गाव नव्हतं, इथून सुरुवात करावी लागते. म्हणजे गाव होतं, भोकरखांब त्याचं नाव, पण ते माझ्या जन्माआधीच धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिथली माणसं उचलून शहापूर तालुक्यातल्या शेणव्याच्या अलीकडे एका माळावर आणून ठेवली आणि त्या माळाला कागदोपत्री नाव मिळालं ‘पुनर्वसन वसाहत’. भाताची खाचरं गेली, मिळाली ती मुरमाड जमीन, कुदळ मारली की ठिणगी उडायची. माझे वडील आणि जनूदादाचे वडील सख्खे भाऊ. दोघंही पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतांवर लावणीला जायचे आणि दिवाळी झाली की मुरबाडच्या बाजूला गवताच्या वखारीवर. माळावरचं वाळलेलं गवत कापायचं, वखारीत दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे, ते गठ्ठे मुंबईच्या तबेल्यांना जायचे. होळीला दोघं घरी यायचे तेव्हा अंगभर कुसळं रुतलेली असायची आणि आई अंगणात बसून ती सुईनं काढायची. उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही. ज्या पाण्यात गाव बुडालं ते पाइपातून एका दिशेला मुंबईकडे जायचं आणि आमच्या बायका रिकामे हंडे घेऊन दुसऱ्या दिशेला. याचं रडगाणं आमच्या घरात कोणी गायलं नाही. पण आजूबाजूच्या गावांतले लोक आम्हाला ‘बुडीतवाले’ म्हणायचे, ते लागायचं. शहापूरला कॉलेजात नाव घालायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं विचारलं, ‘‘गाव?’’ मी म्हटलं, ‘‘वसाहत.’’ तो म्हणाला, ‘‘वसाहत हे काय गावाचं नाव झालं? मूळ गाव सांग.’’ मी सांगितलं. त्यानं शेजारच्याला विचारलं, शेजारच्यानं मान हलवली. ‘‘असं गाव तालुक्यात नाही, बाई.’’ मग मी पुन्हा ‘वसाहत’च लिहिलं आणि त्याच नावावर बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगून ठेवते.

जनूदादा म्हणजे भयकथा लिहिणारे जनार्दन भोकरखांबकर. या पुरवणीच्या काही वाचकांनी त्याची पुस्तकं वाचली असतील. आमच्याकडे अशी ‘कर’ लावलेली आडनावं नसतात, ते त्यानं स्वतःच लावून घेतलं होतं. तो गेल्याला दोन महिने झाले. त्या दिवशी बाजार होता आणि मी वाशिंदला, माझ्या पतसंस्थेत कामावर होते. फोन वाजला आणि बंद झाला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे काकी, म्हणजे दादाची आई.

‘‘सुमे, जनू ओ देत नाय गो.’’

‘‘काकी, कितीदा हाक मारलीस?’’

‘‘दोनदा मारली...’’ ती थांबली. ‘‘आता तिसऱ्यांदा पन मारली.’’

मी खुर्ची मागे सरकवली आणि साहेबांना म्हटलं, माझा भाऊ गेला, मी निघते. साहेब म्हणाले, अहो, फोनवर नीट विचारून तरी घ्या. विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. दादा पडवीत खाटेवर बसल्या बसल्या गेला होता. डोक्याला माकडटोपी, मांडीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं.

हे दोन हाकांचं प्रकरण बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे पोरांना चालता यायला लागलं की शिकवतात: एकटा असताना हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. जे आपल्यातलं नाही ते एकदाच हाक मारतं. दुसऱ्यांदा मारायची त्याच्यात ताकद नसते. माणूस असेल तर पुन्हा मारील. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि मोठं झाल्यावर सगळेच हळूहळू सोडून देतात. दादानं सोडलं नाही. रेशनच्या रांगेत, बँकेत, दवाखान्यात, त्याचं नाव दोनदा पुकारलं नाही तर तो बाकावरून उठायचा नाही. नंबर जायचा, तर जायचा. मोबाइल आला तेव्हा त्यानं तोच कायदा मोबाइललाही लावला, आणि त्याच्याशी बोलायचं तर आम्हालाही तो पाळावा लागला. मग त्याची आम्हा घरच्यांनाही सवय झाली. लग्न त्यानं केलं नाही. काकी सांगते की मुरबाडकडे मुलगी बघायला गेले होते, मुलीच्या बापानं ‘चहा घ्या’ असं एकदाच म्हटलं आणि हा पुतळ्यासारखा बसून राहिला, चहावर साय धरली. काकीच्या सांगण्यात मीठमसाला असतो. पण दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘साय नव्हती गो, दूधच नव्हतं त्यात.’’

त्यानं ही सवय कुठून उचलली ते मला त्यानं एकदा सांगितलं होतं, सांगितलं म्हणजे जाता जाता बोलून गेला. भोकरखांब सोडलं त्या दिवशी तो दहा-बारा वर्षांचा होता. भांडीकुंडी ट्रकमध्ये चढली, माणसं चढली, आणि काकीला आठवलं की उखळातलं मुसळ राहिलं. ते आणायला याला पाठवलं. भर दुपार. घरांची दारं-कौलं काढून नेलेली, नुसत्या भिंती उभ्या. तो उखळापाशी वाकला आणि पाठीमागून कोणीतरी त्याचं नाव घेतलं, स्पष्ट, ओळखीच्या आवाजात. तो मुसळ हातात धरून दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिला. ती आली नाही. खालून ट्रकनं भोंगा वाजवला तसा तो पळाला. मी विचारलं, ‘‘मागं वळून बघितलंस?’’ म्हणाला, ‘‘नाय. बघितलं असतं तर लिवायला काय ऱ्हायलं असतं?’’ यातलं खरं किती आणि रचलेलं किती, मला माहीत नाही. मुसळ मात्र अजून काकीच्या घरात आहे.

दादा दहावीला दोनदा नापास झाला आणि पुढं धरणग्रस्ताच्या दाखल्यावर त्याला धरणावर चौकीदाराची नोकरी लागली. काकी त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, ‘‘ज्या पान्यानं घर बुडवलं त्याची राखण करतो माजा लेक.’’ तो हसायचा. खाकी शर्ट, खाली लुंगी आणि बाराही महिने डोक्याला तपकिरी माकडटोपी, वैशाखातही. कान उघडे ठेवले तर फार हाका ऐकू येतात म्हणायचा. आणि तो लिहायचा लग्नपत्रिकांवर. आमच्या भागात माघ-फाल्गुनापासून घरोघरी पत्रिकांचा पाऊस पडतो, आणि पत्रिकेची पाठ कोरी असते. लोक त्यात पोळ्या गुंडाळतात, दादा गोष्टी लिहायचा. पुढच्या बाजूला गणपती आणि ‘आमच्या छोट्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’, मागच्या बाजूला पाण्यातून वर येणारं काहीतरी. पत्रिकेएवढी जागा संपली की प्रकरण संपायचं. समीक्षकांनी पुढं त्याच्या ‘तुटक, धापा टाकणाऱ्या शैली’बद्दल पुष्कळ लिहिलं. ती शैली पत्रिकेच्या मापाची होती. मी त्यांना कळवणार होते, दादानं नको म्हटलं.

त्याच्या गोष्टींत रात्र नाही. एकाही गोष्टीत नाही. जे घडतं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, सावल्या पायाखाली आलेल्या असताना. मी विचारलं होतं, भुताखेताचं लिहितोस आणि अंधार का नाही? तो म्हणाला, ‘‘रातची भीती आयतीच असते. ती काळोखाची, माजी नाय. दुपारी घाबरवलं तर माजं.’’ आणि हे तो पारखून घ्यायचा, त्याची जागा होती भाताची गिरण. सुगीनंतर तिथं बायाबापड्या आपापली पोती घेऊन नंबर लावून बसतात. गिरण चालू असते तेव्हा कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही, एकाचा भात संपून दुसऱ्याचा ओतेपर्यंत मात्र सगळं गप्प होतं. त्या गप्प वेळेत दादा एक पत्रिका वाचायचा. मग पुन्हा घरघर, सगळे डोक्यावर कोंडा घेऊन बसलेले, पुढं काय झालं याचा विचार करत. पुन्हा गिरण थांबली की दुसरी पत्रिका. मी मोठमोठ्या हॉलमधली साहित्यिक वाचनं नंतर ऐकली. त्या गिरणीसारखा श्रोतृवर्ग मला कुठं दिसला नाही, कारण तिथून पोतं सोडून उठता येत नाही.

‘नळाला आलेली माणसं’ ही त्याची सगळ्यांत गाजलेली गोष्ट मी तिथंच पहिल्यांदा ऐकली. मुंबईतल्या एका उंच बिल्डिंगमधली बाई दुपारी नळ सोडते. धार पडायच्या आधी नळातून हाक येते, ‘‘भोकरखांबचं कोन हाय का गो?’’ बाई शहरातली, तिला कोणी काही शिकवलेलं नाही. ती पहिल्याच हाकेला ‘कोण?’ म्हणते. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या नळातून तिचा आवाज येतो. मग एकेक मजला गप्प होत जातो, आणि इकडे पाण्याखाली भोकरखांबात एकेक घर भरत जातं. चुली पेटतात. मुंबईची माणसं चिखलात उतरून भात लावायला शिकतात... एवढं वाचून दादा थांबला. गिरणवाल्यानं मशिनचं बटण दाबायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

गंगूआत्या म्हणून आमच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, ती पोत्यावर बसली होती. तिनं विचारलं, ‘‘त्यांना भात लावायला कोन शिकवतो रे?’’

‘‘आपलीच मान्सं. खाली ऱ्हायलेली.’’

आत्यानं थोडा विचार केला. ‘‘माजी सासू हाय का रे खाली?’’

‘‘हाय ना.’’

‘‘मंग मी नाय ओ देत. मुंबईवाल्यांनाच जाऊ दे तिच्याकडं.’’

गिरण हसण्यानं भरली. पण त्यानंतर बरेच दिवस आमच्या वस्तीत भर दुपारी बोअरिंगच्या नळावर एकटीदुकटी बाई दिसेना, आणि दादा खूश होता.

त्याच्या पत्रिका संगणकावर मी उतरवल्या. पतसंस्थेचं काम आटोपलं की बसायचे. त्याच्या पुस्तकांतलं शुद्धलेखन माझं आहे, भीती त्याची. पुण्याच्या एका प्रकाशकाला आम्ही पाठवलं. तिथून दादाला फोन यायला लागले, रोज एक. एकदा वाजायचा, बंद व्हायचा. दादा फोनकडे बघायचा आणि पुन्हा लिहायला लागायचा. शेवटी त्यांनी माझा नंबर शोधला. पहिली रिंग मीही उचलली नाही, पण माणूस चिकाटीचा निघाला. म्हणाला, ‘‘मॅडम, पुस्तक छापायचंय, लेखक फोन का उचलत नाहीत?’’ मी कारण सांगितलं. तो म्हणाला, ‘‘हे मलपृष्ठावर टाकू का?’’ शेवटी त्यानं विचारलं, ‘‘गावाचं नाव काल्पनिकच आहे ना?’’ मी म्हटलं, नाही, खरं आहे.

पुस्तक चाललं. कॉलेजची मुलं वाचायला लागली, कोणीतरी मोबाइलवर त्याच्या गोष्टी वाचून दाखवायला लागलं, आणि रविवारी फाट्यावर मुंबईच्या गाड्या यायला लागल्या. त्यांना भुताचं गाव बघायचं असायचं. दादा त्यांना धरणाच्या काठी न्यायचा, पाण्याकडे बोट करायचा आणि म्हणायचा, ‘‘खाली हाय.’’ एवढंच. माकडटोपीतल्या माणसाबरोबर फोटो काढून लोक परत जायचे. त्याला गर्दी आवडायची असं नाही, पण कोणी ‘भोकरखांब’ म्हटलं की तो मान वळवून ऐकायचा. दोन पुरस्कार मिळाले, घ्यायला गेला नाही. त्याची सगळी पुस्तकं चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. शेवटचं तर मला कंटाळवाणं वाटलं, आणि तसं मी त्याला सांगितलंही होतं. ‘‘तुला बी.कॉम. करून चूक झाली,’’ म्हणाला.

मग दामूतात्याच्या रेशमाचं लग्न मोडलं. दामूतात्या म्हणजे आमच्या वस्तीतला मोठा माणूस, त्याच्या शब्दाला वजन. रेशमाचं मुरबाडच्या बाजूला जमलं होतं, सुपारी फुटली होती. मुलाकडच्यांनी कुठून तरी ते पुस्तक ऐकलं आणि निरोप धाडला की भुताच्या गावची मुलगी आम्हाला नको. आमच्याकडे अशी गोष्ट हसण्यावारी जात नाही. एकदा एका गावाचं नाव झालं की त्या गावच्या मुली बिनलग्नाच्या राहतात आणि मुलांनाही कोणी मुलगी देत नाही. संध्याकाळी देवळासमोर सगळे जमले. मीही गेले होते. दादाला बोलावलं, दोनदा बोलावलं, तो आला.

दामूतात्या म्हणाला, ‘‘जनू, तुज्यावर आमचा राग नाय. पन त्या पुस्तकातलं नाव काढ. दुसरं काय पन घाल.’’

दादा म्हणाला, ‘‘तात्या, ते नाव दुसरं कुठं लिवलंय का, दाखव. सातबाऱ्यावर दाखव, एसटीच्या पाटीवर दाखव, शाळेच्या दाखल्यावर दाखव. एका जागी दाखवलंस तर मी आजच पुसतो.’’

खरंच कुठं नव्हतं. तात्यालाही ते लागलं, कारण भोकरखांबच्या देवळाचा कळस त्याच्या बापानं चढवला होता. पण घरात मुलगी बसली होती.

‘‘मंग नाव लिवायला तुला भुतंच गावली का?’’ तात्या म्हणाला.

‘‘भुतांनीच ध्यानात ठेवलंय, तात्या. आपन काय केलाव? वसाहतवाले म्हनून ऱ्हायलाव.’’

तिथून सगळं बिघडलं. वाळीत वगैरे टाकलं असं काही नाही, आजच्या काळात ते करायची कोणाची हिंमतही नाही. लोकांनी दुसरंच केलं. त्यांनी दादाला दुसरी हाक मारायचं सोडलं. पूजा असो, बारसं असो, लग्नाची हळद असो, यजमान रीतीनं दारात यायचा, ‘‘जनार्दन, कार्य हाय,’’ एवढं एकदाच म्हणायचा आणि वळायचा. बोलावलं नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं. आणि आपल्या दारात कोण उभं आहे हे पडवीतून दिसत असूनही दादा ओ देत नव्हता. हा त्याचाच कायदा लोकांनी त्याच्यावर फिरवला होता, आणि तो त्याला पुरता कळला होता. दोन पावसाळे असे गेले. गिरणीत तो गेला की बायका पोत्यांकडे बघत बसायच्या, मग त्यानं तिथं जाणं बंद केलं. पत्रिका यायच्या बंद झाल्या, तेव्हा मी वाशिंदहून जुन्या गोळा करून आणायला लागले. मला विचाराल तर त्यानं हट्ट सोडायला हवा होता. नुसती एक ‘ओ’. काकीनंही एकदा जेवणाचं ताट त्याच्यासमोर आपटलं, ‘‘दे ना रे एकदा ओ! तुजी हाडं मोडनार हायत का? मी मेली तर खांदा कोन देईल?’’

दादा भात कालवत म्हणाला, ‘‘मान्सं असतील तर पुन्हा हाक मारतील, आई.’’

दुसरी हाक पहिल्यांदा मारली ती रेशमानं. मी त्या दिवशी तिथंच होते. ती दारात उभी राहिली, ‘‘जनूकाका.’’ दादा लिहीत होता. ‘‘ओ जनूकाका!’’ त्यानं मान वर केली, ‘‘ये गो.’’ ती आत आली, पाटावर बसली आणि म्हणाली, ‘‘काका, नाव काढू नका. जो बाप्या पुस्तकाला घाबरला तो माज्या जल्माला काय पुरनार व्हता?’’ दादानं टोपी मागं सरकवली. मग म्हणाला, ‘‘वाचलंस का?’’ ती म्हणाली, ‘‘वाचलं. त्या नळवाल्या बाईनं पयल्याच हाकेला कशी काय ओ दिली, येडीच व्हती.’’ रेशमा पुढं नर्सिंग शिकली, आता किन्हवलीला नोकरी करते, तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं.

दामूतात्याचं कसं फिरलं ते त्यानंच नंतर सगळ्यांना सांगितलं. तो फाट्यावर गाडीची वाट बघत बसला होता. मुंबईची एक मोटार थांबली, आतल्या माणसानं काच खाली करून विचारलं, ‘‘काका, भोकरखांब किधर है?’’ तात्या सांगायचा, ‘‘गाव सोडल्यापास्नं मला कोनी त्या नावानं पत्ता इचारला नव्हता. माज्या तोंडातून निगालं, यहीच है. मोटार गेली. मी तिथंच बसलो. माजी एसटी पन गेली.’’ दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, तो दादाच्या अंगणात आला. शेजारची माणसं पडवीत आली. काकी चुलीपुढून उठून दाराशी येऊन थांबली. मी घरी सुट्टीवर होते, म्हणून मला हे बघायला मिळालं.

‘‘जनू,’’ तात्यानं हाक मारली.

दादानं पत्रिका खाली ठेवली. पेनाचं टोपण लावलं. तात्या उभा होता. वळण्यासाठी त्याचा पाय हलला असं मला वाटलं... पण तो वळला नाही. त्यानं घसा साफ केला.

‘‘जनू रे!’’

‘‘ओ, तात्या.’’

दोघांनी चहा घेतला. बोलणं गाईच्या आजारपणावर झालं.

पुढचं काम कागदांचं होतं आणि ते मी केलं. वसाहतीला मूळ नाव द्यावं असा ठराव ग्रामसभेत दामूतात्यानंच मांडला. त्यानंतर तालुका, जिल्हा, पुन्हा तालुका. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या टेबलावर थांबायचं, साहेब नाहीत म्हणून सांगितलं तरी बाकावरून का उठायचं नाही, हे मला येत होतं. माझ्या पदवीचा इतका चांगला उपयोग दुसरा कुठला झाला नाही. दादा यातल्या एकाही कचेरीत आला नाही. ‘‘माजं नाव एकदाच पुकारतील, मी बसून ऱ्हाईन, तुजं काम आडेल,’’ म्हणाला. मंजुरी आल्याचं सांगायला गेले ती आमची शेवटची भेट. पडवीत बसला होता, नव्या पत्रिका मापानं लावत. मी म्हटलं, ‘‘दादा, झालं. एसटीच्या पाटीवर पण येणार.’’ त्यानं पत्रिका ठेवल्या नाहीत. ‘‘आता लोकं भुतं सोडून पाटी बघाया येतील,’’ म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘कंडक्टरला सांग, एकदा नाव घेऊन बेल मारू नको म्हनावं. आपली मान्सं उठनार नायत.’’ मी हसले. तो हसला नाही, पण तो सहसा हसायचाच नाही.

गेल्या आठवड्यात काकीला घेऊन मी शहापूरला गेले होते, दादाच्या काही कामांसाठी. येताना नव्या पाटीची एसटी मिळाली. काचेमागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत ‘भोकरखांब’. काकीला वाचता येत नाही, मी बोट ठेवून दाखवलं, ती ‘बरं’ म्हणाली आणि खिडकीशी बसली. गाडीत निम्मी माणसं आमच्याच वस्तीतली, मागं दामूतात्या, त्याच्या पुढं गंगूआत्याची सून. कंडक्टर बाहेरच्या जिल्ह्यातला, नवा होता. फाटा आला तसा तो ओरडला, ‘‘चला, भोकरखांब!’’

एकही माणूस उठला नाही. कोणी ठरवलं नव्हतं. मीही बसून होते, पिशवी मांडीवर धरून.

कंडक्टरनं सगळ्यांकडे बघितलं. ‘‘अहो, तिकिटं काढलीत ना इथली? झोपलात काय सगळे? भोकरखांब!’’

‘‘ओ,’’ काकी म्हणाली आणि उठली. तिच्यामागून सगळे उठले.

आता आमच्या एसटीच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात गावाचं नाव भोकरखांब असं आहे.